स्वतःचा जामीन स्वतः

शिवकाळात मावळातला तरुण चाकरी मागायला आला की त्याची पारख कशी होत असे, हे ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला महाराज स्वतः नजरेखालून घालत. माणूस अनोळखी असेल तर आधीपासून चाकरीत असलेल्या कुणीतरी त्याच्यासाठी जामीन राहायचं. हा इमानाने वागेल, कामात कसूर करणार नाही, याची ती हमी असे. राजगड तेव्हा राजधानी होती, आणि गडाच्या पायथ्याचं गुंजवणे हे गुंजण मावळातलं गाव.

आज त्याच गुंजवण्यातून मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी निघते, तेव्हा मार्गासनी, नसरापूर करत चेलाडी फाट्यावर पुणे-सातारा रस्त्याला लागते. डावीकडे वळलं की खेड शिवापूर, नऱ्हे, पुणे. उजवीकडे कापूरहोळ आणि शिरवळ. दोन्हीकडे कारखाने आहेत, दुकानं आहेत, दवाखाने आहेत. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला यांचं गाव ठाऊक नसतं, घर ठाऊक नसतं. जामीन राहायला कुणी नसतं. पंधरा-वीस मिनिटांत या पोरांना स्वतःच स्वतःचा जामीन व्हावं लागतं.

नोकरीच्या मुलाखतीचा प्रश्न मला असा दिसतो. आपली पोरं मागे पडतात ती गुणांत कमी असतात म्हणून नव्हे. आपण काय केलं आहे ते पुराव्यानिशी सांगायची सवय त्यांना कुणी लावलेली नसते, म्हणून पडतात. ही सवय लावता येते, आणि तिला क्लासची फी लागत नाही.

मुलाखत कुठे आहे, कुठे नाही

तयारीची सुरुवात इथून व्हायला हवी, कारण नसलेल्या मुलाखतीच्या धास्तीत आपल्याकडे पुष्कळ वेळ जातो. केंद्र सरकारने गट क, गट ड आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती 1 जानेवारी 2016 पासून बंद केल्या. राज्यातल्या पोलीस शिपाई भरतीतही मुलाखत नाही. तिथे 50 गुणांची मैदानी चाचणी आणि 100 गुणांची लेखी परीक्षा असते. मैदानी चाचणीत पुरुषांसाठी 1,600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण असतात. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांनी ‘मुलाखतीत ओळख लागते’ हे कानावर घेऊच नये. तिथे पाय आणि पेपर एवढंच चालतं. बँकेत क्लार्कच्या आयबीपीएस भरतीला मुलाखत नाही. अधिकारी पदाला आहे, आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचं प्रमाण 80 ला 20 असं धरतात. शिक्षक भरतीत पवित्र पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ आणि ‘मुलाखतीशिवाय’ असे दोन्ही पर्याय असतात.

राज्यसेवेत मात्र मुलाखतीचं वजन वाढलं आहे. जुन्या पद्धतीत मुख्य परीक्षा 800 आणि मुलाखत 100 गुणांची होती. नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा 1,750 आणि मुलाखत 275, असे एकूण 2,025 गुण आहेत. एकेका गुणाने पद बदलतं तिथे 275 हा आकडा लहान नाही.

उरलेलं सगळं खासगी क्षेत्र म्हणजे कंपनी, वर्कशॉप, हॉस्पिटल, मॉल, हॉटेल, फायनान्सचं ऑफिस. आपल्या भागातल्या बहुतेक पोरांची पहिली मुलाखत इथेच होते, म्हणून या लेखात तिच्याकडे जास्त लक्ष दिलं आहे.

कागद आणि फोन

किती तरी नोकऱ्या मुलाखतीच्या खोलीत शिरण्याआधीच हुकतात, आणि कारण अगदी साधं असतं: नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव एका तऱ्हेने लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, बँकेच्या पासबुकात वडिलांचं नावच नाही. मुलाखत चांगली होते, आणि रुजू करून घेताना कागद अडतो. ही दुरुस्ती अर्ज करण्याआधीची आहे, कारण तिला आठवडे लागतात. मूळ कागद एका फाइलीत, दोन संच झेरॉक्स वेगळे, चार फोटो, आणि अनुभव असेल तर पगाराच्या पावत्या. फाइल अशी लावावी की मागितलेला कागद पहिल्या हाताला निघेल. कागद शोधताना होणारी धांदल समोरच्याला दिसत असते.

दुसरी अडचण फोनची. डोंगराच्या कुशीतल्या गावांत रेंज येते-जाते. मुलाखतीचा फोन भाताच्या खाचरात असताना येतो आणि तुटतो. पलीकडचा माणूस पुढच्या नावाकडे वळतो. म्हणून अर्जावर दोन नंबर द्यावेत, आणि दुसरा पुण्यात किंवा नसरापुरात असणाऱ्या घरच्या माणसाचा असावा. त्या माणसाला आपण कुठे-कुठे अर्ज केले ते माहीत हवं. व्हिडिओवर मुलाखत असेल तर आदल्या दिवशी जागा नक्की करावी. गावात रेंज धरणारी जागा सगळ्यांना ठाऊक असते, पण तिथे वारा, गाड्या आणि कोंबड्याही असतात. त्यापेक्षा नातेवाइकांच्या घरातली बंद खोली बरी. फोन हातात न धरता डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवावा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नये. पावसाळ्यात तर नाहीच. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी पुण्यातल्या मावशीकडे किंवा मित्राच्या खोलीवर मुक्काम करावा. कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, चप्पल नको, बूट साधे चालतील. एवढं पुरे आहे. उसना कोट घालून अवघडून बसण्याने काही मिळत नाही.

‘स्वतःबद्दल सांगा’

जवळजवळ प्रत्येक मुलाखत या वाक्याने सुरू होते, आणि निम्मी पोरं इथेच अडकतात. ठरलेलं उत्तर असं येतं: माझं नाव अमुक, गाव अमुक, घरी आई-वडील आणि एक भाऊ, वडील शेती करतात, माझे छंद क्रिकेट आणि वाचन, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. यात खोटं काही नाही, पण हे उत्तर कोणाचंही असू शकतं. ‘मेहनती’ हा शब्द समोरच्याने दिवसभरात वीस वेळा ऐकलेला असतो.

आता एक मुलगा समोर आणू. समजा, गुंजवण्यात त्याच्या घरची खानावळ आहे. चोरदरवाज्याच्या वाटेने राजगड चढायला शनिवारी-रविवारी माणसं येतात. 2025 च्या जुलैत राजगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, तेव्हापासून पाहुण्यांशी बोलायला विषयही वाढले आहेत. या मुलाला नोकरी हवी आहे शिरवळच्या एका कंपनीत, स्टोअर विभागात. त्याला विचारलं, ‘स्टोअरचं काम जमेल का?’ तो म्हणतो, ‘हो सर, मी मेहनती आहे.’ तिथेच बोलणं संपतं.

त्याच्याकडे सांगायला काय होतं ते पाहा. शनिवारी चाळीस जणांचं जेवण फोनवर ठरतं. त्यावरून तो तांदूळ, ज्वारीचं पीठ, बेसन, तेल किती लागेल ते वहीत मांडतो आणि गुरुवारी नसरापूरहून माल आणतो. एकदा पाऊस लागला, बारा माणसं आलीच नाहीत, आणि रांधलेलं वाया गेलं. पुढच्या आठवड्यापासून त्याने फोनवर थोडे पैसे आगाऊ घ्यायला सुरुवात केली. भाकरी माणसं आल्यावर थापायच्या, पिठलं तेवढं आधी करून ठेवायचं असं घरात ठरवलं. नुकसान थांबलं.

स्टोअर विभागात रोज हेच चालतं: मागणी, साठा, नोंद, तूट, उपाय. फक्त गोणीऐवजी तिथे बोल्ट आणि बेअरिंग असतात. ही गोष्ट त्याने दीड मिनिटात सांगितली, तर त्याला ‘मेहनती’ म्हणायची गरजच उरत नाही. त्याच्या कामानेच त्याचा जामीन दिला.

अशी गोष्ट चार पायऱ्यांत बसते: अडचण काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी नेमकं काय केलं, शेवटी काय झालं. तिसरी पायरी सर्वांत मोठी असावी, आणि तिथे ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ म्हणावं. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणायला संकोच वाटतो. घरात आणि गावात हा संकोच शोभतो. मुलाखतीत मात्र त्यामुळे तुमचा वाटा दिसेनासा होतो. आकडा खरा असेल तर जरूर सांगावा: किती लीटर दूध रोज डेअरीला घातलं, फॅट कमी लागली तेव्हा कारण कसं शोधलं, किती माणसांना घेऊन भाताची लावणी किती दिवसांत उरकली, गणेशोत्सवाचा हिशोब किती रुपयांचा होता आणि तो कसा जुळवला.

म्हणून एक वही करावी. तिच्यात स्वतःच्या आयुष्यातल्या दहा खऱ्या गोष्टी या चार पायऱ्यांत लिहाव्यात. एक स्वतःच्या चुकीची, एक भांडण मिटवल्याची, एक नवीन शिकल्याची, एक अपुऱ्या वेळात काम उरकल्याची. ‘तुमची कमजोरी सांगा’, ‘टीममध्ये वाद झाला तर काय कराल’, ‘आम्ही तुम्हालाच का घ्यावं’ या प्रश्नांची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. ती या दहा गोष्टींतूनच निघतात. आणि गोष्ट खरी असली की उलटतपासणीत टिकते. ‘मग काय झालं? पैसे किती घेत होतास? कुणी नाही म्हणालं का?’ असं कोणी खोदून विचारलं तरी घाम फुटत नाही.

हाताची परीक्षा

आयटीआय झालेल्यांची मुलाखत बरेचदा बोलण्यापेक्षा हातावर ठरते. टेबलावर व्हर्निअर कॅलिपर आणि एक पिन ठेवलेली असते. ‘व्यास सांग.’ मुलगा घाईने पिन जबड्यात धरतो आणि रीडिंग वाचू लागतो. मुख्य पट्टीवर 24, व्हर्निअरची सतरावी रेघ जुळते, लघुत्तम माप 0.02 मिलीमीटर, म्हणजे 24.34. आकडा बरोबर आला, तरी समोरचा फोरमन वेगळंच पाहत होता. जबडे आधी पुसले का? बंद करून शून्याला शून्य जुळतो का ते पाहिलं का? पिनेवर बर आहे का हे बोट फिरवून तपासलं का? ज्याने हे केलं त्याच्या हाती मशीन द्यायला तो तयार होतो, कारण उद्या याच सवयीवर हजारो जॉब पास किंवा रिजेक्ट होणार असतात.

हे प्रत्येक कामाला लागू आहे. नर्सिंगच्या मुलीने रक्तदाब मोजण्याआधी रुग्णाला बसवून पाच मिनिटं शांत होऊ दिलं का, ड्रायव्हरने गाडीत बसण्याआधी एकदा टायरकडे नजर टाकली का, अकाउंटच्या मुलाने बेरीज सांगण्याआधी उलट बेरीज केली का. म्हणून मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात पुस्तकातल्या व्याख्यांच्या जोडीने आपल्या कामाच्या पहिल्या दहा मिनिटांची उजळणी करावी. ज्यांच्याकडे अवजार नाही त्यांनी आपल्या आयटीआयच्या सरांना एक दिवस वर्कशॉप वापरू देण्याची विनंती करावी. शिकवलेला मुलगा कामाला लागावा असं वाटणारा शिक्षक नाही म्हणत नाही.

येत नसलेल्या गोष्टीला ‘येतं’ म्हणू नये. ‘सीएनसी मी फक्त पाहिलं आहे, ऑफसेट घेतलेला नाही, लेथवर मात्र सहा महिने काम केलंय’ हे उत्तर कामाची जाण असलेल्या माणसाला पटतं. आपल्याला किती येतं याचा अंदाज असलेला कामगार त्याच्यासाठी सुरक्षित असतो.

भाषेची भीती

इंग्रजी येत नाही म्हणून मुलाखतीलाच न जाणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. ज्या कामाला इंग्रजी लागतं तिथे ते शिकावंच लागेल. कॉल सेंटरच्या खुर्चीत मराठीने भागणार नाही. पण शॉप फ्लोअरवर, वेअरहाऊसमध्ये, दवाखान्याच्या वॉर्डात मराठी आणि हिंदीत काम चालतं. ‘सर, मी मराठीत सांगितलं तर चालेल का? मुद्दा नीट सांगता येईल,’ हे सरळ विचारावं. बहुतेक वेळा हो म्हणतात. राज्यसेवेची मुलाखत मराठीत देता येते, आणि मुख्य परीक्षा मराठीत लिहिणाऱ्याला केंद्रीय लोकसेवा आयोगासमोरही मराठीत बोलता येतं.

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावा. न कळलेल्या प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर सर्वांत जास्त नुकसान करतं. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणावं आणि थांबावं. आणि आवाज. आपल्याकडे मोठ्यांसमोर खाली पाहून हळू बोलणं हा आदर मानतात. मुलाखतीत त्याचा अर्थ ‘याला येत नाही’ असा लावला जातो. आदर ‘नमस्कार सर’, ‘नमस्कार मॅडम’ यात दिसू द्यावा. बोलताना मात्र मान वर आणि आवाज समोरच्यापर्यंत पोहोचेल इतका.

आयोगासमोर

मोठ्या मुलाखतीत तुमच्या गावाबद्दल विचारलं जाण्याची शक्यता दाट असते, आणि गुंजवण्याच्या मुलाकडे इथे मोठं भांडवल आहे. वेल्हे तालुक्याला राजगड नाव मिळालं, त्याने प्रशासनात काय बदललं? गुंजवणी धरणाचं पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदर तिघांनाही हवं आहे. तुम्ही अधिकारी असाल तर वाटप कसं कराल? गडावर गर्दी वाढली, कचरा वाढला, पण ताक-सरबत विकणाऱ्या बायांचं घरही त्याच गर्दीवर चालतं. मग नियम कसे कराल? इथे बाजू घेऊन भाषण करायचं नसतं. कोणाचं काय जाणार, कायदा काय सांगतो, मी पहिलं पाऊल कोणतं उचलेन, या क्रमाने बोलायचं असतं. ज्याने ही माणसं रोज पाहिली आहेत त्याचं उत्तर वर्तमानपत्र वाचून तयार केलेल्या उत्तरापेक्षा वजनदार होतं. अट एवढीच की स्वतःचा तालुका त्याने एकदा नीट अभ्यासलेला असावा.

मुलींना विचारले जाणारे प्रश्न

लग्न कधी करणार, मूल झाल्यावर काम सोडाल का, घरचे लांब पाठवतील का. हे प्रश्न मुलांना विचारत नाहीत. 1976 च्या समान वेतन कायद्याने पगाराबरोबर भरतीतही स्त्री-पुरुष भेदाला मनाई केली, आणि 2019 च्या वेतन संहितेने ती कायम ठेवली. तरी प्रश्न येतात. वाद घालून नोकरी घालवायची नसेल तर उत्तर कामाकडे वळवावं: ‘शिफ्टची वेळ आणि येण्या-जाण्याची सोय कळली तर मी पूर्ण वेळ देऊ शकते, आधीच्या ठिकाणी माझी हजेरी पूर्ण होती.’ आणि सोयीबद्दल आपण स्वतःहून विचारावं. कंपनीची बस चेलाडीपर्यंत येते का, रात्रपाळी असेल तर सोडायला गाडी आहे का, हे विचारणं मुलीचा हक्क आहे. घरच्यांनीही एक करावं: मुलीला एकटीने मुलाखतीला जाऊ द्यावं, किंवा सोबत गेले तर गेटबाहेर थांबावं. वडील शेजारी बसले की प्रश्न वडिलांना विचारले जातात.

आपणही विचारायचं

‘तुम्हाला काही विचारायचंय?’ या प्रश्नाला ‘नाही सर’ म्हणून उठू नये. निदान तीन गोष्टी कळायलाच हव्यात. मी कंपनीच्या रोलवर असेन की ठेकेदाराच्या? सांगितलेला पगार हातात येणारा आहे की कपातीआधीचा? पीएफ आणि ईएसआय आहे का? भविष्य निर्वाह निधीत सर्वसाधारणपणे मूळ वेतनाच्या 12 टक्के कामगाराकडून कापले जातात आणि मालकही भर घालतो. ईएसआयमध्ये कामगाराचा वाटा 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के. हे कापलेले पैसे आजारपणात आणि म्हातारपणी आपल्याच कामाला येतात, म्हणून ‘कपात नाही, पूर्ण पगार हातात’ हे ऐकून हुरळून जाऊ नये. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर ते 1961 च्या कायद्याखालचं प्रशिक्षण आहे, मिळतं ते विद्यावेतन; करार किती महिन्यांचा आणि प्रमाणपत्र कोणतं, हे विचारून घ्यावं.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. मुलाखतीसाठी, युनिफॉर्मसाठी, ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ जो पैसे मागतो तो नोकरी देत नसतो. दूध विकून जमवलेले पैसे अशा माणसाच्या हाती गेले की घर दोन वर्षं मागे जातं. ऑफर लेटर हातात नसेल तर एक रुपयाही देऊ नये. हातात असेल तरीही देऊ नये.

टेबलापलीकडची जबाबदारी

सगळा भार पोरांवर टाकून चालणार नाही. मुलाखत किती खरं सांगते याचा अभ्यास शंभर वर्षांपासून चालू आहे. 1998 साली श्मिट आणि हंटर यांनी 85 वर्षांच्या संशोधनाची गोळाबेरीज मांडली, आणि 2022 साली सॅकेट व सहकाऱ्यांनी ती नव्याने तपासली. मुलाखतीतले गुण आणि पुढे केलेलं काम यांचा मेळ शून्य ते एक या मापावर मोजला, तर मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा मेळ 0.19 इतकाच निघाला. सगळ्यांना कामाशी जोडलेले तेच प्रश्न, आधी ठरवलेले गुण, अशी बांधीव मुलाखत असेल तर तो 0.42 पर्यंत जातो, आणि त्यांनी तपासलेल्या निवडीच्या पद्धतींत तीच वरच्या क्रमांकावर राहिली. म्हणजे ‘माणूस पाहिला की कळतो’ म्हणणारा साहेब स्वतःच्या कंपनीचं नुकसान करतो, आणि लांबून आलेल्या, बोलायला अवघडणाऱ्या उमेदवाराचं तर जास्तच. शिरवळ ते खेड शिवापूर पट्ट्यातल्या उद्योजकांनी सहा ठरलेले प्रश्न आणि एक हाताचं काम एवढी शिस्त पाळली, तरी शेजारच्या डोंगरातली चांगली माणसं त्यांना सापडतील.

आपल्या भागात ओळखीनेही नोकऱ्या लागतात. चुलता कंपनीत असतो, तो पुतण्याचं नाव सुचवतो. याला सरसकट वशिला म्हणू नये. वशिल्यात नाव सांगणाऱ्याचं काही जात नाही. जामिनात त्याचं स्वतःचं नाव पणाला लागतं. म्हणून ज्याने ओळखीने लावलं त्याचं तोंड काळं होऊ देऊ नये, आणि ज्याला कुणाचीच ओळख नाही त्याला गावाने उघड्यावर सोडू नये.

नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. जत्रेला, गणपतीला, दिवाळीला गावी याल तेव्हा एक संध्याकाळ शाळेच्या व्हरांड्यात बसा. समोर एक खुर्ची ठेवा. शिकत असलेल्या पोरापोरींना एकेक करून बोलवा आणि तुम्हाला विचारले गेलेले प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी हसतील, अडखळतील, खाली पाहतील. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मान वर करून भाताच्या लावणीची किंवा डेअरीच्या फॅटची गोष्ट सांगेल, अडचणीपासून शेवटापर्यंत. ती त्याला वहीत लिहून ठेवायला सांगा. पुढे पुण्यात किंवा शिरवळला अनोळखी माणसासमोर बसल्यावर त्याच्या बाजूने बोलायला तीच वही असणार आहे.